पाण्याखालची मुकी रसिकता

मराठी प्रवासवर्णनांत अलीकडे एका वाक्याचा सुळसुळाट झाला आहे. लेखक किंवा लेखिका सहकुटुंब अंदमानला जातात, स्वराज द्वीपावर उतरतात, पाठीवर नळकांडें बांधून समुद्रांत बुडी घेतात. आतां कांहीं तरी ऐकावयास मिळणार म्हणून वाचक सरसावून बसतो, तोंच पुढचें वाक्य येतें कीं, तो अनुभव शब्दांत सांगतां येत नाहीं. यानंतर एकदम जेवणाचें वर्णन सुरू होतें, आणि तें मात्र शब्दांत उत्तम सांगतां येतें. कोळंबी किती ताजी होती, खोलीपासून किनारा किती पावलांवर होता, जहाज किती उशिरा सुटलें, या सर्व गोष्टींना मराठी भाषा पुरी पडते. ती अपुरी पडते ती फक्त ज्यासाठीं एवढा खटाटोप केला त्या अर्ध्या तासापुरती.

आमचें म्हणणें असें आहे कीं, हा दोष भाषेचा नाहीं आणि अनुभवाच्या अलौकिकपणाचाही नाहीं. जें पाहिलेंच नाहीं तें सांगतां येत नाहीं, इतकाच त्या वाक्याचा अर्थ आहे. आणि ही गोष्ट हंसून सोडून देण्यासारखी नाहीं. स्कूबा नांवाच्या साधनानें समुद्राचा तळ सामान्य गृहस्थाला पाहतां यावा, हें मनुष्याच्या इतिहासांत प्रथमच घडलें आहे. आणि नेमक्या याच काळांत तेथलें प्रवाळ उष्णतेनें मरत आहे. म्हणजे घटना घडत असतां साक्षीदार जागेवर हजर आहे, त्यानें तिकीट काढून ती पाहिली आहे, आणि त्याची जबानी घ्यावयास जावें तर तो म्हणतो, शब्दांत सांगतां येत नाहीं! असल्या साक्षीदाराला रसिक म्हणून गौरवावयाचें कीं त्याची उलटतपासणी घ्यावयाची, हा आजचा प्रश्न आहे.

प्रथम हा अर्धा तास म्हणजे काय तें पाहूं. हिवाळ्याच्या सुटींत, नाताळाच्या आगेंमागें, मुंबई-पुण्याचें कुटुंब पोर्ट ब्लेअरला उतरतें. या शहराला २०२४ पासून श्रीविजयपुरम् असें नांव आहे. पहिल्या दिवशीं सेल्युलर जेल. १८९६ त बांधावयास घेतलेली आणि १९०६ त पुरी झालेली ती इमारत पाहतांना मराठी माणसाचा आवाज आपोआप खालीं येतो. सावरकर १९११ पासून १९२१ पर्यंत तेथें होते हें त्याला शाळेपासून ठाऊक असतें, आणि ठाऊक असल्यामुळेंच त्या रिकाम्या कोठडींत त्याला कांहीं तरी दिसतें. नाहीं तर चार भिंती आणि एक गजांचें दार यापलीकडे त्या कोठडींत डोळ्यांना दिसण्यासारखें आहे काय? तरीही तेथून बाहेर पडलेला गृहस्थ मुका होत नाहीं. तो तासभर बोलतो, मुलांना सांगतो, घरीं पत्र लिहावें तसा मजकूर धाडतो. दुसऱ्या दिवशीं तोच गृहस्थ स्वराज द्वीपाला, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकला, जातो. तेथें चार भिंतींच्या जागीं जिवंत सृष्टीची जत्रा भरलेली असते. आणि तेथून तो शब्द हरवून परत येतो! रिकाम्या खोलींत पुष्कळ पाहणारा आणि भरलेल्या समुद्रांत कांहींच न पाहणारा माणूस एकच. फरक एवढाच कीं, पहिल्या ठिकाणीं तो तयारीनें गेला होता.

दुसऱ्या ठिकाणची तयारी अशी असते. त्याच्या हातीं एक छापील कागद देतात. दमा आहे काय, हृदयविकार आहे काय, कानाचें जुनें दुखणें आहे काय, असे प्रश्न त्यांत असतात. आणि तिकिटामागचे नियम आपण ज्या आस्थेनें वाचतों त्याच आस्थेनें ते वाचून तो सही करतो. मग रबरी पोशाख, कंबरेला शिशाचीं वजनें, उथळ पाण्यांत तोंडानें श्वास घेण्याचा थोडा सराव आणि हाताच्या चार खुणा. नंतर एक शिक्षक पाठीशीं राहून, नळकांडें हातीं धरून, त्याला पुढें ढकलीत नेतो. कोठें जावयाचें, किती खोल उतरावयाचें, केव्हां वर यावयाचें, हें सर्व शिक्षक ठरवितो. पाहुण्यानें फक्त श्वास घ्यावयाचा. पालखींतल्या देवाला जेवढें स्वातंत्र्य असतें तेवढेंच त्याला असतें. मध्येंच दुसरा एक इसम कॅमेरा घेऊन समोर येतो. मग हात पसरावयाचे, बोटांची खूण करावयाची, पत्नीकडे वळावयाचें. अर्ध्या तासाचा मोठा वांटा या चित्रासाठीं खर्च होतो.

आणि तें चित्र तरी खरें असतें काय? पाणी प्रथम तांबडा रंग गिळतें. थोडें खोल गेलें कीं लाल वस्तु मातकट-काळपट दिसूं लागते, आणि सर्व सृष्टीवर निळ्या-हिरव्याची एकच छटा पसरते. चित्रांतला लालभडकपणा दिव्यानें आणलेला असतो किंवा मागाहून यंत्रानें भरलेला असतो. म्हणजे दिवाणखान्यांत मोठ्या हौसेनें लावलेलें तें दृश्य दिवाणखान्याच्या मालकानें पाहिलेलेंच नसतें!

यांत शिक्षकाला दोष देणें अन्यायाचें होईल. ज्याला पोहतांही येत नाहीं अशा माणसाला पाण्याखालीं नेऊन सुखरूप परत आणावयाचें तर त्याला असेंच नेलें पाहिजे. दोष आहे तो या पालखींतल्या फेरीला 'मीं समुद्र पाहिला' असें म्हणण्यांत, आणि त्या म्हणण्याला वाङ्मयांत मान मिळण्यांत.

हें वाङ्मय किती निष्काळजी आहे याचें एकच उदाहरण पुरे आहे. आमच्या प्रवासवर्णनांत जो तो पाठीवर 'ऑक्सिजनचें नळकांडें' बांधून उतरतो. हौशी पाणबुड्याच्या नळकांड्यांत शुद्ध प्राणवायु नसतो. आपण आतां ज्या हवेंत श्वास घेत आहों तीच हवा, गाळून आणि दाबून, त्यांत भरलेली असते. शुद्ध प्राणवायु घेऊन कोणी सहा-सात मीटरांच्या खालीं गेला तर त्याला आंचके येऊन तो तेथेंच दगावण्याची भीति असते. ज्या वस्तूवर अर्धा तास आपला प्राण टांगलेला होता तिच्यांत काय होतें, एवढाही प्रश्न ज्याच्या मनांत आला नाहीं, त्याला तेथल्या इतर गोष्टींविषयीं प्रश्न पडले असतील, असें कसें मानावें?

वास्तविक हे प्रश्न किती रम्य आहेत! माणसानें मागितली म्हणजेच आणि मागितली तेवढीच हवा देणारी झडप झाक-ईव्ह कूस्तो आणि एमिल गान्याँ या दोघांनीं १९४३ मध्यें, युद्धानें गांजलेल्या फ्रान्समध्यें, सिद्ध केली. गान्याँ हा यंत्रज्ञ. पेट्रोलच्या टंचाईमुळें मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागत होत्या, त्यांसाठीं त्यानें केलेली झडप पाणबुड्याच्या तोंडीं आली. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणानें वाढतो, आणि दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, हा बॉइलचा नियम आपलीं मुलें घोकतात. दहा मीटरांवर भरलेली छाती श्वास कोंडून वर आणली तर आंतली हवा दुपटीनें फुगूं पाहते आणि फुप्फुस फाटतें. म्हणून 'श्वास कधींही कोंडूं नये' हा पाणबुड्याचा पहिला नियम. ज्याला हें समजलें त्याला बॉइल पुन्हां घोकावा लागणार नाहीं.

नत्रवायूची गोष्ट याहून सूक्ष्म. दाबाखालीं तो रक्तांत व मांसांत विरघळतो आणि माणूस घाईनें वर आला तर सोड्याच्या बाटलीचें बूच काढावें तसा बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडतो. यावर जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं बोकडांवर प्रयोग करून टप्प्याटप्प्यानें वर येण्याचीं कोष्टकें १९०८ मध्यें सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलीं. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं दुसऱ्या महायुद्धांत दाबाचे प्रयोग स्वतःच्या देहावर करून घेतले. तेच पुढें १९५७ मध्यें भारतांत आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ मध्यें भुवनेश्वर येथें वारले. याच नत्रवायूमुळें एका बुडीनंतरही निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर निदान १८ तास विमानांत बसूं नये, असा या वैद्यकाचा संकेत आहे. दुपारीं बुडी आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे विमान असा बेत आंखतांना किती कुटुंबप्रमुख हा हिशेब करतात? सहलीच्या कार्यक्रमांत न्याहारीची वेळ बारकाईनें पाहणारा गृहस्थ ही वेळ मात्र पाहत नाहीं.

आतां प्रत्यक्ष दृश्याकडे वळूं. पोवळें ही वस्तु मराठी घराला नवी नाहीं. मंगळाची पीडा टळावी म्हणून तें अंगठींत बसवितात, रत्नांत त्याची गणना करतात. पण तें रत्न म्हणजे एका प्राण्याचा सांगाडा आहे, आणि तो प्राणी मुख्यतः भूमध्य समुद्रांतला आहे, ही गोष्ट अंगठी घालणाऱ्याच्या गांवीं नसते. अंदमानचें प्रवाळ निराळें. तेथें टांचणीच्या डोक्याएवढे असंख्य मऊ जीव शेजारीं शेजारीं चुन्याचीं घरें बांधतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतें, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि घरभाडें द्यावें तसा त्यांतला मोठा वांटा यजमानाला देतें. हीं घरें पिढ्यान्‌पिढ्या एकावर एक चढून तट उभा राहतो. त्या तटावर पोपटमासा चोंचीसारख्या दांतांनीं प्रवाळाचा खडक खरवडून खातो, आणि पचून उरलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. उष्ण समुद्रांतल्या बेटांवर जी पांढरी वाळू असते तींत या माशाच्या पोटांतून आलेला वांटा मोठा असतो. राधानगरच्या किनाऱ्यावर अनवाणी चालण्याचें काव्य आम्ही पुष्कळ वाचलें. ती वाळू आली कोठून, हें सांगणारी एक ओळ त्यांत आढळली नाहीं. कवीला पायाखालचें कळलें असतें तर काव्य बिघडलें असतें असें आम्हांला वाटत नाहीं. निदान त्याला एक नवी उपमा तरी मिळाली असती.

हा नांवांचा प्रश्न आहे. आपल्या कोळ्यांपाशीं समुद्राचा केवढा शब्दसंग्रह आहे! वाऱ्यांचीं नांवें, भरतीओहोटीचीं नांवें, एकाच माशाच्या लहानमोठ्या वयांचीं नांवें. सुशिक्षितांनीं त्यांतून सुरमई, पापलेट, रावस, बांगडा एवढीं उचललीं. म्हणजे जें ताटांत आलें तेवढें भाषेंत आलें. मराठी वाङ्मयांतला समुद्र बहुतकरून किनाऱ्यावरून पाहिलेला आहे. तो गर्जतो, खवळतो, विरहिणीला साद घालतो, सूर्याला गिळतो. त्याच्या आंत कोणी राहतें, ही वार्ता अजून आमच्या कवींपर्यंत पोंचावयाची आहे. आज हजारों सुशिक्षित माणसें पृष्ठभागाच्या खालीं जाऊन येत असतांही ती पोंचूं नये, ही वाङ्मयाची हानि नव्हे काय?

आणि या हानीला मुहूर्त तरी कोणता लागावा! आपण हिवाळ्यांत जातों; पण तो हिवाळा आपला आहे, तेथला नव्हे. त्या समुद्राचें पाणी डिसेंबरांतही सुखावह उबदार असतें, ईशान्येकडचा पाऊस ओसरूं लागलेला असतो, पाणी निवळलेलें असतें. आजारी माणसाला पाहुण्यांच्या वेळीं सदरा बदलून बसवावें तसा समुद्र आपल्याला त्या दिवसांत दिसतो. त्याचें दुखणें एप्रिल-मे महिन्यांत, आपण घरीं आंबे खात असतां, उमटतें. पाण्याचें तपमान नेहमींच्या उन्हाळ्यापेक्षां एखाद्या अंशानें जरी वाढून कांहीं आठवडे तसेंच राहिलें तरी प्रवाळ आपल्या देहांतलें शैवाल बाहेर टाकतें. शैवाल गेलें कीं रंग गेला आणि अन्नही गेलें. असें पांढरें पडलेलें प्रवाळ मेलेलें नसतें, तें उपाशी असतें. पाणी वेळेवर निवलें तर तें सांवरतें, न निवलें तर मरतें आणि त्यावर शेवाळ चढतें. अंदमानांत १९९८ त हें झालें, २०१० च्या उन्हाळ्यांत फार मोठ्या प्रमाणावर झालें. आणि २०२३ पासून सर्व जगाच्या समुद्रांत अशीच चौथी सांथ सुरू झाल्याचें शास्त्रज्ञांनीं एप्रिल २०२४ मध्यें जाहीर केलें. हें ज्याला ठाऊक नाहीं तो पांढरें शुभ्र प्रवाळ पाहून 'काय सुंदर!' म्हणेल, आणि शेवाळलेला ढिगारा पाहून 'येथें कांहीं विशेष नाहीं' म्हणेल. दोन्ही वेळां तो मृत्यूसमोर उभा असतो, आणि दोन्ही वेळां त्याला तो दिसत नाहीं.

आमच्या या म्हणण्यावर चार बाजूंनीं आक्षेप येतात. त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिला आक्षेप सौंदर्यवाद्यांचा. फुलाचा वास घ्यावयास वनस्पतिशास्त्र कशाला, असें ते विचारतात. त्यांना आमचा प्रतिप्रश्न असा कीं, मैफलींत बसून राग ओळखतां न येणाराही आनंद घेतो हें खरें, पण तो घरीं येऊन 'काय गायले तें शब्दांत सांगतां येत नाहीं' असें म्हणाला तर आपण त्याला मोठा जाणकार समजतों काय? आपण एवढेंच म्हणतों कीं, बिचाऱ्याला गाण्यांतलें कळत नाहीं. आणि मुलीला तरी कळावें म्हणून तिला गाण्याच्या शिकवणीस घालतों. गाण्याला जी कसोटी लावावयाची ती समुद्राला कां नको? ज्ञानानें आनंद मरतो ही समजूत आळसानें पसरविलेली आहे. डार्विन १८३६ मध्यें कोकोस बेटांवर गेला तेव्हां त्याच्यापाशीं झडप नव्हती, नळकांडें नव्हतें. शिशाच्या वजनाला चरबी लावून दोरीनें तें खालीं सोडावयाचें आणि चरबीवर काय उमटतें तें पाहून तळाचा अंदाज करावयाचा, एवढेंच साधन. त्यावरून, आणि इतर प्रवाशांच्या नोंदी चाळून, त्यानें १८४२ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, ज्वालामुखीचें बेट हळूहळू खचत जातें, भोंवतालचें प्रवाळ वर वर वाढत राहतें, आणि शेवटीं बेट बुडून नुसतें कंकण उरतें. एकशेंदहा वर्षांनीं, १९५२ मध्यें, एनिवेटोक बेटावर चुनखडींतून हजार मीटरांहून अधिक खोल भोंक पाडलें तेव्हां खालीं ज्वालामुखीचा खडक लागला. ज्यानें पाण्याखालीं तोंड घातलें नाहीं त्यानें समुद्राचा तळ पाहिला, आणि आमचे पर्यटक तळाशीं जाऊन कोरडे परत येतात!

दुसरा आक्षेप नीतिवाद्यांचा. हे सगळे चैनीचे चोंचले, असें म्हणून ते एका वाक्यांत निकाल देतात. आमचा लेख यांच्या बाजूचा आहे असा कोणाचा समज होत असेल तर तो आम्ही येथेंच दूर करतों. समुद्र ओलांडला म्हणून ज्यांनीं आमच्या पूर्वजांना प्रायश्चित्तें घ्यावयास लावलीं त्यांचेच हे वंशज. सिंधुबंदी गेली, पण समुद्राविषयींचा तो संशय अजून गेला नाहीं. माणसानें समुद्रांत उतरावें, पुन्हां पुन्हां उतरावें, असेंच आमचें मत आहे. उतरण्यानें माणूस बदलतो याचा दाखला स्वतः कूस्तोच आहे. १९५६ मध्यें लुई माल याच्यासह प्रसिद्ध केलेल्या त्याच्या चित्रपटांत मासे मोजण्यासाठीं प्रवाळांत सुरुंग उडविल्याचें दृश्य आहे, आणि तें त्याला त्या वेळीं लाजिरवाणें वाटलें नव्हतें. पण तोच माणूस वर्षानुवर्षें पाण्यांत उतरत राहिला, पाहत राहिला, आणि अखेर समुद्राचा जगांतला सर्वांत मोठा वकील झाला. एकदां उतरून आला असता तर सुरुंगापाशींच राहिला असता.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो वजनदार आहे. पर्यटकांवर बेटांतल्या लोकांचें पोट चालतें. त्यांना शहाणपण शिकवून परत पाठविलें तर तेथल्या चुली कशा पेटणार? स्वराज द्वीपावरचीं घरें मोठ्या संख्येनें फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचीं आहेत. त्यांच्या गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर या वस्त्यांचीं नांवेंच त्यांची कथा सांगतात. पाण्याखालीं वाट दाखविणाऱ्यांत कारेन लोक आहेत. त्यांचे पूर्वज १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशांतून मध्य अंदमानांत येऊन वसले. आमचें म्हणणें या लोकांचें काम कमी करावें असें नाहीं; त्यांच्या कामाची प्रत वाढवावी असें आहे. अर्ध्या तासाच्या पालखीऐवजीं तीन-चार दिवसांचा रीतसर अभ्यास पुरा करणारा विद्यार्थी त्यांना अधिक दिवस आणि अधिक मानाचें काम देतो, आणि १८ मीटरांपर्यंत सोबत्यासह स्वतःच्या बळावर उतरण्यास पात्र होतो. आज आपण त्यांना भोई समजतों. उद्यां त्यांना गुरु म्हणावें लागेल. ज्याच्या हातांत आपण आपल्या मुलाचा श्वास दिला त्याचें नांव घरीं आल्यावर आठवूं नये, ही आजची रीत आहे. ती सभ्य गृहस्थांना शोभणारी नाहीं.

चौथा आक्षेप सर्वांत चतुर. प्रवाळ मरतें तें पाण्याच्या उष्णतेनें, पर्यटकाच्या लाथेनें नव्हे. मग त्याला कशाला धारेवर धरतां? उष्णतेचा अपराध मोठा आहे हें आम्ही मान्य करतों. पण ज्याला ताप आहे त्याला धक्के मारूं नयेत, हें शेजारधर्मांतच येतें. शरीर तोलतां न येणाऱ्याच्या पायांतल्या एका झटक्यानें जी फांदी मोडते ती वाढावयास वर्षें लागलेलीं असतात. आणि मोडलेला तुकडा आठवण म्हणून खिशांत घालणें हा केवळ असंस्कृतपणा नव्हे, गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत २००१ पासून या प्रवाळांचा समावेश आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें तें वाघाच्या पंक्तीला बसलें आहे. शिवाय ज्या उष्णतेकडे हे आक्षेपक बोट दाखवितात तिच्यांत आपल्या विमानाचाही वांटा आहेच. मुंबईहून बंगालच्या उपसागराच्या पलीकडल्या कडेपर्यंत धूर सोडीत जावयाचें तर त्या धुराच्या बदल्यांत निदान एक डोळस साक्षीदार तयार व्हावा, एवढी मागणी अवाजवी आहे काय?

आतां कोणी विचारील कीं, मध्यम स्थितींतल्या कुटुंबानें नेमकें करावें काय? आमची पहिली मागणी पोहण्याची आहे. 'पोहतां येत नसलें तरी चालेल' ही जाहिरात वाचून आपल्याला आनंद होतो, यांतच आपली अधोगति आहे. गांवोगांवच्या विहिरींत पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याचा ओंडका बांधून पोरें पोहावयास शिकत असत. ती विद्या शहरांत आल्यावर आपण गमावली, आणि आतां तिच्या अभावाला सोय म्हणूं लागलों. ज्यानें शहरांतल्या तलावांत एक उन्हाळा घालविला नाहीं त्यानें समुद्राच्या तळाची घाई करूं नये. त्यानें नळी आणि चष्मा लावून पृष्ठभागावरून पाहावें, किंवा कांचेच्या तळाच्या नावेंत बसावें. त्यांत कमीपणा नाहीं. नावेंत बसून वीस प्राणी ओळखणारा मुलगा तळाशीं जाऊन वीस चित्रें काढून घेणाऱ्या बापापेक्षां अधिक खोल गेलेला असतो.

दुसरी मागणी, जाण्यापूर्वीं एक महिना वाचनाची. ज्या आस्थेनें कोठडी पाहण्यापूर्वीं इतिहास वाचतां त्याच आस्थेनें प्रवाळाचा इतिहास वाचा. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपानें उत्तर अंदमानांत समुद्रतळ वर उचलला गेला आणि प्रवाळ उघडें पडून उन्हांत मेलें. दक्षिणेस निकोबारांत जमीन खचली, इंदिरा पॉइंटची भूमि चार मीटरांहून अधिक खालीं गेली. एवढें जरी ठाऊक असलें तरी त्या द्वीपसमूहाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. तीं बेटें चित्रपटाचा पडदा न राहतां जिवंत, हलणारी, दुखणारी भूमि होतात.

तिसरी मागणी घराजवळची. अंदमान परवडत नाहीं म्हणून हळहळणाऱ्यांनीं मालवणकडे पाहावें. १६६४ ते १६६७ या काळांत शिवाजी महाराजांनीं कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधला. त्याच्या तटाखालच्या खडकांतही प्रवाळ आहे, आणि त्या भोंवतालचें सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून जाहीर आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर, पाण्याखालीं बुडालेलें एक पठार आहे, त्यावर प्रवाळाची मोठी वस्ती आहे, आणि त्याला कान्होजी आंग्र्यांचें नांव आहे. आरमाराच्या पराक्रमाचे पोवाडे गाणाऱ्या आपल्या समाजांत हें पठार किती जणांना माहीत आहे? तटाचे बुरूज मोजणारांनीं तटाच्या पायाशीं कोण राहतें हेंही एकदां मोजावें.

आणि शेवटची मागणी लेखकांकडे, संपादकांकडे आहे. 'शब्दांत सांगतां येत नाहीं' हें वाक्य ज्या प्रवासवर्णनांत येईल तें साभार परत जावें. ज्याला सांगतां येत नाहीं त्यानें पुन्हां जावें, अधिक शिकून जावें, आणि मग लिहावें. आणि तोंवर गप्प बसावें, म्हणजे निदान मौनाची तरी अप्रतिष्ठा होणार नाहीं. संतांनीं अनिर्वचनीय हा शब्द वापरला तो आयुष्यभर साधना केल्यावर. अर्ध्या तासाच्या भाड्याच्या श्वासावर त्या शब्दाचा हक्क सांगणें हें धाडस आहे. आमच्या नातवंडांच्या काळीं या समुद्रांत किती प्रवाळ उरेल तें पुढच्या कांहीं उन्हाळ्यांवर अवलंबून आहे. तें उरलें नाहीं, तर एके काळीं तेथें काय होतें हें त्यांना फक्त पुस्तकांतून कळणार. तीं पुस्तकें लिहावयाचीं आहेत तीं आपल्याला. आणि त्या मुलांनीं पान उलटून 'शब्दांत सांगतां येत नाहीं' एवढेंच वाचलें, तर त्यांनीं आपल्याला आंधळे म्हणावें कीं अप्रामाणिक म्हणावें, एवढाच निवाडा उरेल.